पात्र, अपात्र आणि माणूस

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि मराठीत एका परंपरेस प्रारंभ झाला. तिला आता शतकाहून अधिक काळ लोटला आहे. दर वर्षी दिवाळीच्या सुमारास शेकडो कथा छापल्या जातात, वाचनालयांतून महिना-दोन महिने फिरतात आणि यथावकाश रद्दीत जातात. या कथांतून जन्मास आलेल्या माणसांचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. कथानक विसरले, शेवट विसरला, पण त्यातला एखादा माणूस मनातून हलत नाही, असा अनुभव प्रत्येक वाचकाला कधी ना कधी येतो. उरलेली बहुसंख्य पात्रे, लेखकाने त्यांच्या नाकाडोळ्यांचे कितीही वर्णन केलेले असो, अंकाबरोबरच नाहीशी होतात. हा फरक कशामुळे पडतो, याचा विचार होणे इष्ट आहे. आणि तो केवळ लेखकांनीच करावा असाही नाही.

कल्पित वाङ्मयाच्या तंत्राची चर्चा आपल्याकडे कमी झालेली नाही. ना. सी. फडके यांचे 'प्रतिभासाधन' १९३१ साली प्रसिद्ध झाले आणि पुढे कित्येक वर्षे होतकरू लेखकांनी त्याची पारायणे केली. त्याच्या चार वर्षे आधी, १९२७ मध्ये, ई. एम. फॉर्स्टर यांनी केंब्रिज येथे कादंबरीवर व्याख्याने दिली व त्यांत पात्रांचे सपाट आणि भरीव असे दोन वर्ग पाडले. सपाट पात्राचे सार एका वाक्यात सांगता येते. भरीव पात्र आपल्याला चकित करू शकते आणि तरीही त्याचे वागणे आपल्याला पटते, ही त्यांची कसोटी. कसोटी मार्मिक आहे, परंतु ती एक प्रश्न अनुत्तरित ठेवते. वाचकाला चकित करणे अवघड नाही. कंजूष माणसाला शेवटच्या पानावर दानशूर केले की काम भागते, आणि दिवाळी अंकांतील निम्म्या कथा तेवढ्यावरच भागवीत असतात. अवघड आहे ते पटवणे. हे पटणे येते कोठून?

अर्थशास्त्राच्या अध्यापकाने या प्रांतात डोकावावे, हे काहींना अनधिकार वाटेल. पण या प्रश्नाचे एक उत्तर अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. लायोनेल रॉबिन्स यांनी १९३२ साली अर्थशास्त्राची जी व्याख्या केली तिचा आशय असा : माणसाची उद्दिष्टे अनेक असतात, साधने अपुरी असतात आणि त्याच साधनांचा निरनिराळ्या कामी उपयोग होऊ शकतो, या पेचात माणूस कसा वागतो याचा अभ्यास म्हणजे अर्थशास्त्र. यातील 'अर्थशास्त्र' हा शब्द काढून तेथे 'कादंबरी' हा शब्द घालून पाहावा. फारसे काही बिघडत नाही. पुढे १९३८ मध्ये पॉल सॅम्युएल्सन यांनी असे सुचविले, की माणसाच्या मनात काय आहे हे शोधत बसण्याऐवजी त्याने प्रत्यक्षात काय निवडले ते पाहावे. त्याची आवड त्याच्या निवडीतून प्रकट होते. कथालेखकाला याहून उपयुक्त सल्ला देणे कठीण आहे. 'तो स्वभावाने उदार होता' या वाक्यावर वाचक विश्वास ठेवत नाही. महिन्याच्या पंचवीस तारखेला शिक्षकाच्या खिशात ५०० रुपये उरले आहेत, मुलाच्या सहलीची वर्गणी द्यायची आहे, आईचे औषध संपले आहे आणि सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात आहेर करायचा आहे, एवढे सांगितले की वाचक सावरून बसतो. त्या नोटेचे काय होते यावरून तो माणूस त्याला कळणार असतो.

येथे साधने म्हणजे केवळ रुपये, असे समजण्याचे कारण नाही. वेळ, शरीराचे बळ, घरातील शब्दाचे वजन, गावातील पत, तोंड उघडण्याची मुभा, ही सारी साधनेच होत आणि ती सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाहीत. ज्या पात्राला काहीच कमी पडत नाही त्याला काही निवडावे लागत नाही, आणि ज्याला निवडावे लागत नाही त्याचा स्वभाव कळण्याचा मार्ग खुंटतो. एके काळच्या आपल्या लोकप्रिय कादंबऱ्यांतील अनेक नायक देखणे होते, बुद्धिमान होते, प्रेमात पडण्यास सदैव मोकळे होते. परंतु त्यांच्या घरचा वाणी कोण आणि त्याची उधारी किती, हे त्यांच्या निर्मात्यांनाही ठाऊक नसावे. ते आज आठवत नाहीत याचे नवल वाटायला नको.

हाच भेद मराठी कादंबरीच्या आरंभीच्या काळातही दिसतो. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो ती बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' १८५७ सालची. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो!' १८९० पासून 'करमणूक' पत्रातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. दोहोंचा विषय हिंदू विधवांची दैना आणि दोहोंच्या नायिकेचे नावही एकच. पहिली यमुना पतीसह प्रवास करते, तिच्यासमोर विधवांच्या कहाण्या एकामागून एक येतात आणि वाचकाला त्यांतून बोध मिळतो. लेखकाची कळकळ निःसंशय आहे. मात्र यमुना ही त्या कळकळीचे वाहन आहे. दुसरी यमू स्वतःच्या तोंडाने स्वतःची हकीकत सांगते. तिच्यापाशी पैसा नाही, वडीलधाऱ्यांपुढे शब्द नाही, आणि स्वतःच्या देहावरचा अधिकारही अखेरीस राहत नाही. जे थोडे हाती लागते ते नवऱ्याच्या प्रेमामुळे आणि मुंबईच्या बिऱ्हाडात मिळालेल्या मोकळेपणामुळे. वाचायचे की नाही, बोलायचे की गप्प राहायचे, एवढ्याच तिच्या निवडी. पण आपटे त्या इतक्या बारकाईने नोंदवतात, की पतीच्या मृत्यूनंतर तिचे केशवपन होते तेव्हा वाचकाला विधवांचा प्रश्न आठवत नाही. त्याला यमू आठवते. प्रश्नाचे गांभीर्य त्याला त्यानंतर जाणवते, आणि म्हणूनच ते टिकते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या मराठी कादंबऱ्यांनी माणसे उभी केली, त्यांनी हाच मार्ग अधिक रुंद केला. व्यंकटेश माडगूळकर यांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो. जेथे पोरगे म्हणजे मेंढरांमागे जाणारे दोन पाय, तेथे ते शाळेत बसवणे हा खर्च असतो. वर्गात आम्ही ज्याला पर्यायी खर्च म्हणतो तो हाच. माडगूळकर तो शब्द वापरीत नाहीत. त्यांना वाडीचा हिशेब मुखोद्गत आहे. त्यामुळे हीच माणसे मास्तरच्या सांगण्यावरून तालीम बांधायला राबतात तेव्हा त्या श्रमाचे मोल आपल्याला कळते, आणि पुढे दुष्काळ पडून मेंढरांसह वाडी उठते तेव्हा कोणाला दोष द्यावा हे कळत नाही. उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०) वऱ्हाडातील शिंप्याच्या घरातली. नवऱ्याचा नाकर्तेपणा, पुढे त्याला जडलेला महारोग आणि मुलाने शिकावे ही आस, यांच्या ओढाताणीत कौतिक जे जे करते ते तिच्या हातातील साधनांच्या बाहेरचे कधीच नसते. लेखक तिला कोठेही फुकटचा आधार देत नाही. आनंद यादव यांच्या 'गोतावळा'तील (१९७१) नारबा हा मळ्यावरचा गडी. मालक ट्रॅक्टर आणतो आणि ज्या जनावरांना नारबाने आपले गणगोत मानले ती मळ्यावरून जाऊ लागतात. यांत्रिकीकरणाने शेतमजुरांवर काय परिणाम होतो, याची कोष्टके आम्ही विद्यार्थ्यांना शिकवितो. ती कोष्टके खोटी नसतात. मात्र बैल विकल्यावर गोठ्यात उरणाऱ्या रिकाम्या जागेसाठी त्यांत रकाना नसतो.

एवढ्यावर थांबले तर एक गैरसमज होईल. पात्राची मिळकत, कर्ज आणि जात-जमीन मांडली की माणूस उभा राहतो, असे मुळीच नाही. परिस्थितीने माणूस घडतो हे तत्त्व पत्करून लिहिलेल्या कित्येक कथांत शोषित हा केवळ शोषित असतो आणि सावकार हा केवळ सावकार. श्रीमंत नायकाच्या जागी गरीब नायक आला, पण कळसूत्री बाहुली ती बाहुलीच. दोरी तेवढी बदलली. अर्थशास्त्राने कल्पिलेला तो सुप्रसिद्ध 'आर्थिक मानव', जो फक्त नफा-तोटा पाहून वागतो, तोही याच जातीचा. सिद्धान्तापुरता तो उपयोगी पडतो, पण कोणत्याही गल्लीत तो राहत नाही.

शेजारच्या हिंदी भाषेतील एक उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. प्रेमचंदांच्या 'गोदान'मधील (१९३६) होरी हा कर्जाखाली दबलेला शेतकरी. त्याला दारात एक गाय हवी आहे, आणि ती इच्छा कादंबरीभर त्याला महाग पडते. असा माणूस सहज नुसता दीनवाणा होऊ शकला असता. परंतु प्रेमचंद आरंभीच दाखवतात, की सामाईक बांबू विकताना हाच होरी थोड्या रुपयांसाठी आपल्या भावांना फसवू पाहतो. पुढे त्याचा भाऊ हिरा त्याच्या गाईला विष घालून परागंदा होतो. फौजदार भावाच्या घराची झडती घेऊ म्हणतो तेव्हा, घराण्याची अब्रू जाऊ नये म्हणून, होरी त्याला द्यायच्या पैशांसाठी कर्ज काढायला तयार होतो. ज्या भावाला थोड्या पैशांसाठी फसवायचे, त्याच भावाच्या अब्रूसाठी कर्जात बुडायचे. हिशेबनिसाला हे वर्तन विसंगत वाटेल. पण वाचकाला होरी येथेच पटतो, कारण पैसा आणि अब्रू या दोन गोष्टी होरीच्या वहीत वेगवेगळ्या पानांवर मांडलेल्या आहेत आणि ती दोन्ही पाने लेखकाने वाचलेली आहेत. फॉर्स्टर यांच्या कसोटीतले 'पटणे' येते ते येथून. आधी पात्राचा हिशेब पुरता ठाऊक हवा. मग त्या हिशेबात न बसणारा एक खर्च त्याच्या हातून व्हावा. आणि तो झाल्यावर, या माणसाने हेच केले असते, असे वाचकाला वाटावे.

अर्थशास्त्राला हे शहाणपण उशिराच आले. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी गरिबांच्या वर्तनावर २०११ साली जे पुस्तक लिहिले, त्यात मोरोक्कोतील एका खेडुताची हकीकत आहे. पोटभर अन्न मिळत नाही अशी त्याची तक्रार, पण घरात दूरदर्शन संच. विचारल्यावर त्याने सांगितले, की दूरदर्शन अन्नापेक्षा महत्त्वाचा आहे. ज्या गावात काम नाही तेथे रिकामा दिवस कसा जातो, हे ज्याने पाहिले त्याला या उत्तरात मूर्खपणा दिसणार नाही. या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पण गाईसाठी कर्ज करणारा होरी त्याआधी ८३ वर्षे कादंबरीत वावरत होता.

महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी विद्यार्थी कथा लिहितात तेव्हा त्यांत म्हातारी आई नेहमी खोकत असते, कारकून लाच घेतो किंवा टेबलावर पेंगतो, शिक्षक एक तर साने गुरुजी असतो नाही तर विदूषक, आणि खेड्यातून आलेला माणूस धोतर नेसून भाबडेपणाने बोलतो. हे विद्यार्थी स्वतः खेड्यांतून आलेले असतात; त्यांचे वडील शर्ट-पँट घालतात, मोबाइलवर बाजारभाव पाहतात आणि पीककर्जाच्या नूतनीकरणासाठी बँकेत रांग लावतात. डोळ्यांसमोरचा माणूस सोडून ते छापील माणसाकडून माणूस उसना घेतात. अशांना एवढेच सुचवावेसे वाटते, की पात्राचा चेहरा रंगवण्यापूर्वी काही साध्या प्रश्नांची उत्तरे मिळवावीत. त्याच्या घरात सकाळी प्रथम कोण उठते? कारण न विचारता त्याला हजार रुपये उसने देईल असा माणूस कोण? कोणता खर्च तो बायकोपासून लपवितो, आणि ती त्याच्यापासून कोणता? कोणाच्या घरी पाणी पिताना तो संकोचतो? कितीही अडचण आली तरी तो काय विकणार नाही? यांतील बहुतेक उत्तरे कथेत यायची नसतात. पण लेखकाला ती ठाऊक असली की पात्र चुकीचे वाक्य बोलत नाही.

सदानंद देशमुख यांची 'बारोमास' (२००२) या दृष्टीने आजच्या विद्यार्थ्यांनी वाचण्यासारखी आहे. २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. तिच्यातील एकनाथ उच्चशिक्षित आहे. शिक्षकाची नोकरी मिळण्यासाठी जे पैसे मोजावे लागतात ते त्याच्यापाशी नाहीत, म्हणून तो शेतीत अडकला आहे. बायकोने पाहिलेले संसाराचे चित्र निराळे होते. येथे खलनायक शोधू गेल्यास हाताशी कोणी लागत नाही. वडील, भाऊ, बायको, प्रत्येकाचे म्हणणे त्याच्या-त्याच्या जागी रास्त आहे आणि घरात पैसा मात्र एकच आहे. पदवी घेऊन गावी परतलेल्या तरुणाला या घरात आपले घर दिसेल.

आता, एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. गोष्टीतली माणसे खरी वाटली काय नि न वाटली काय, जगाचे काय अडते? याचे उत्तर आपल्या भाषेतील एका शब्दात दडलेले आहे. कथेतील माणसाला आपण पात्र म्हणतो, आणि लायक या अर्थीही तोच शब्द वापरतो. महाराष्ट्रात शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर त्याच्या कुटुंबास शासनाकडून १ लाख रुपयांची मदत देण्याची योजना गेली सुमारे दोन दशके आहे. जमीन कोणाच्या नावावर, कर्ज मान्यताप्राप्त संस्थेचे होते काय, ते थकले होते काय, अशा निकषांवर जिल्हास्तरीय समिती प्रत्येक प्रकरण तपासते आणि त्याची नोंद तीनपैकी एका रकान्यात होते : पात्र, अपात्र, प्रलंबित. सार्वजनिक पैसा निकषांवाचून वाटता येत नाही, हे मान्यच करावे लागेल. समितीत बसणारी माणसे निर्दय असतात असेही नाही. तथापि मेहुण्याकडून तोंडी बोलीवर घेतलेले कर्ज, मुलीच्या लग्नात राखलेली अब्रू, दुसऱ्यांदा पेरून वाया गेलेले बियाणे आणि कोणाला न सांगितलेली लाज, यांना त्या कागदात जागा नाही. ज्याच्या हिशेबाची एकच बाजू कागदावर येते तो बहुधा अपात्र ठरतो.

अशा प्रकरणाचा कागद कोणीतरी लिहितो. तो तलाठी असेल, तहसील कचेरीतील कारकून असेल. शाळेच्या हजेरीपटावर सलग आठ दिवस 'गैरहजर' असा शेरा शिक्षक लिहितो, आणि ते पोरगे ऊसतोडीला आई-बापांबरोबर गेलेले असते. हे लिहिणारे लोक संध्याकाळी घरी जाऊन कथा-कादंबऱ्या वाचणारेच असतात. त्यांनी आयुष्यभर साच्यातली माणसे वाचली असतील, तर खिडकीपलीकडे उभा असलेला माणूसही त्यांना साच्यातलाच दिसेल : कर्जमाफीला सोकावलेला शेतकरी, हुंडा घेऊन उधळणारा बाप, कामचुकार पोर. उलट ज्याने होरीला ओळखले आहे त्याला असा एक तरी प्रश्न सुचेल जो छापील नमुन्यात नाही. त्या प्रश्नाने निकष बदलणार नाहीत. परंतु शेऱ्याच्या रकान्यात एखादी ओळ अधिक लिहिली जाईल, आणि त्या ओळीवरून एखादे प्रकरण फेरतपासणीस जाऊ शकेल.

खरी वाटणारी पात्रे निर्माण करणे हा म्हणूनच लेखकाच्या कौशल्याचा खासगी प्रश्न राहत नाही. सरकारी कागद माणसाला पात्र किंवा अपात्र ठरवितो. त्याला तसे करणे भागच आहे. कथा-कादंबरीला तशी सक्ती नाही. तिने तरी माणसाचा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावा, एवढी अपेक्षा यंदाचा दिवाळी अंक हाती घेताना वाचकाने ठेवायला हरकत नाही.